रात्रपाळीला निघताना : परिचारिका असलेल्या आईच्या मनातील अपराधीपणाविषयी

धागाकर्ती : एक अधिपरिचारिका

गेली ११ वर्षे मी एका मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांपैकी शेवटची ४ वर्षे अतिदक्षता विभागात आहे. मला ७ वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. मागच्या आठवड्यात घडलेला एक साधा प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मुलीला ताप भरला होता आणि मला रात्रपाळीला निघायचे होते. औषध किती वाजता, किती मिली द्यायचे, ताप कधी मोजायचा आणि किती चढला तर मला फोन करायचा, हे सारे मी एका कागदावर लिहून सासूबाईंच्या हाती दिले आणि निघाले. रात्रभर माझ्याकडे एक वयस्कर रुग्ण होते, त्यांनाही ताप होता. दर तासाला मी त्यांचे तापमान पाहत होते, अंग पुसून घेत होते, कपाळावर हात ठेवत होते. सकाळी मला सोडवायला येणाऱ्या सिस्टरला उशीर झाला, त्यामुळे ओव्हर द्यायला, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवायला, उशीर झाला आणि घरी पोहोचेपर्यंत दहा वाजले. मुलगी शांत झोपली होती, ताप उतरला होता. उशाशी तो कागद होता आणि सासूबाईंनी त्यावर रेघा ओढून, वॉर्डात आम्ही ठेवतो तसा, प्रत्येक वेळेचा ताप आणि औषधाची वेळ लिहून ठेवली होती. पहाटे तीनची नोंद होती, साडेचारचीही होती. तो कागद पाहून मला हायसे वाटायला हवे होते. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नोकरी करणाऱ्या बहुतेक आयांना अपराधी वाटते, हे मला ठाऊक आहे, आणि माझे दुःख इतरांपेक्षा मोठे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तरीही परिचारिकेच्या अपराधीपणाला एक वेगळी धार आहे असे मला वाटते. बँकेतील किंवा शाळेतील स्त्री घराबाहेर जे काम करते, ते घरी राहून गेलेल्या कामापेक्षा निराळे असते. आम्ही मात्र भरवणे, पुसणे, कूस बदलणे, धीर देणे, रात्री उठून ताप पाहणे हीच कामे परक्यांसाठी करतो आणि नेमकी तीच कामे त्या वेळी आपल्या घरी दुसरे कोणीतरी करत असते. शिवाय ही टोचणी दोन्ही बाजूंनी असते. मूल आजारी म्हणून सुट्टी घेतली, तर माझ्या वाट्याचे रुग्ण माझ्या मैत्रिणीच्या अंगावर पडतात आणि घरी बसून मला तिचा विचार येतो. तिसरी गोष्ट अशी की, आमचे काम घड्याळ पाहून खाली ठेवता येत नाही. सोडवणारी आली नाही, तर पाळी संपूनही निघता येत नाही, आणि निघूही नये.

मात्र या टोचणीचा उगम कुठे आहे, हे शोधू लागले तेव्हा मला आमच्या पेशाच्या इतिहासाकडे पाहावेसे वाटले. आम्हाला ‘सिस्टर’ म्हणतात, कारण युरोपात रुग्णसेवा दीर्घकाळ मठातील जोगिणींनी केली. त्यांना घर नव्हते, मुले नव्हती. रुग्णालय हेच त्यांचे घर होते. आपल्याकडे १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, ससून रुग्णालयात पाठवले. त्यांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, हे वेगळे सांगायला नको. पण तिथेही घरी वाट पाहणारे तान्हे मूल असलेली स्त्री कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आणि ही फार जुनी गोष्ट आहे असे समजू नये. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला लग्न केले म्हणून १९८८ साली सेवेतून काढले गेले. तो नियम १९९५ साली मागे घेतला गेला आणि तिला न्याय मिळाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे लग्न झालेली परिचारिका ही कल्पनासुद्धा जिथे इतक्या उशिरा मान्य झाली, तिथे मुले असलेल्या परिचारिकेचा विचार ड्यूटीच्या तक्त्यात कुठून असणार?

आता एक आकडा सांगते. अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, आणि त्याशिवाय रजांसाठी ३० टक्के परिचारिका जादा असाव्यात, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. सर्वसाधारण वॉर्डात ज्यांनी रात्रपाळी केली आहे, त्यांना हे प्रमाण आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मी सांगण्याची आवश्यकता नाही. मला त्या ३० टक्क्यांविषयी बोलायचे आहे. आमच्या लेकरांचे ताप, गोवर, शाळेतील पालकसभा, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे त्या ३० टक्क्यांत धरलेले असते. ती माणसे नेमली गेली नाहीत की माझी प्रत्येक रजा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढून घेतल्यासारखी होते आणि मग जे रुग्णालयाचे न्यून आहे, ते मला माझ्या स्वभावाचे न्यून वाटू लागते.

आपणांपैकी जे या पेशात आहेत, होते किंवा ज्यांच्या घरी परिचारिका आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. ‘अपराधी वाटून घेऊ नका’ एवढाच सल्ला मला बरेचदा मिळाला आहे. त्याच्या पलीकडचे काही हवे आहे.

प्रतिसाद : निवृत्त परिसेविका

तुमचा धागा दोनदा वाचला. मी १४ वर्षे वॉर्डाची इन-चार्ज होते आणि ड्यूटी लावण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते.

माझ्या वेळी प्रसूतीची रजा ९० दिवसांची होती. मुलगा तीन महिन्यांचा असताना मी कामावर हजर झाले. दुपारच्या पाळीत पदर भिजत असे आणि मी साठवणीच्या खोलीत जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकत असे. ते मी कोणालाही सांगितले नाही, कारण माझ्या आधीच्या सगळ्यांनीही तेच केले होते. पुढे जेव्हा माझ्या हाती तक्ता आला, तेव्हा लहान मुले असलेल्या मुलींशी मी मऊ वागेन असा माझा निश्चय होता. पहिल्याच दिवाळीत एक अविवाहित परिचारिका माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, त्यांना बाळ आहे म्हणून सकाळ, मग माझ्या आईला दिवाळी नाही का?’ तिची आई गावी एकटी होती. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी रात्रपाळ्या सगळ्यांत वाटून टाकल्या आणि तान्ह्या मुलांच्या आयांनाही दिल्या. त्यांपैकी एकीने पुढच्या वर्षी नोकरी सोडली. मला आजही वाटते की, मी तिला थांबवू शकले असते.

तुम्ही म्हणता ते ३० टक्के खरेच असते, तर त्या दोघींना एकमेकींसमोर उभे राहावे लागले नसते. इन-चार्ज कठोर असते असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा तिच्याजवळ वाटायलाच काही नसते.

प्रतिसाद : नवजात कक्षातील परिचारिका

मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात आहे. परिसेविका मॅडमनी लिहिलेले बेसिनचे वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण मी ८ महिन्यांपूर्वी तेच करत होते.

आमच्या कक्षात कमी दिवसांची बाळे असतात. आईचे दूध त्यांच्यासाठी औषधाइतके मोलाचे आहे, हे आम्ही दिवसभर आयांना समजावतो. दूध कसे काढायचे, स्वच्छ भांड्यात कसे ठेवायचे, बाळाला उघड्या छातीशी कसे धरायचे, हे शिकवतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. म्हणजे आईच्या दुधाचे मोल ओळखणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत आपले राज्य आहे. आणि त्याच प्रकारच्या कक्षात काम करणारी मी, माझ्या ७ महिन्यांच्या मुलाचे दूध जागा नाही आणि वेळ नाही म्हणून टाकून देत होते. इतर आयांना ‘घाबरू नका, वेळ घ्या’ असे सांगताना मला स्वतःचाच आवाज खोटा वाटत असे.

कायदा काय सांगतो, ते इथे लिहून ठेवते, कारण मला ते फार उशिरा कळले. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर आवश्यक झाले आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून २ वेळा वेगळा विराम द्यावा, ही तरतूद तर मूळ कायद्यापासूनच आहे. या तरतुदी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. सरकारी नोकरीत स्वतंत्र नियम आहेत. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा मिळते, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवस. मंजुरी मात्र वरिष्ठांच्या हाती असते आणि मंजुरी पुन्हा त्याच प्रश्नावर अडते की तुमच्या जागी उभे कोण राहणार.

माझ्या रुग्णालयात पाळणाघर आहे. स्वच्छ आहे, तिथल्या ताई प्रेमळ आहेत. ते सकाळी ९ वाजता उघडते आणि संध्याकाळी ६ वाजता बंद होते. माझी दुपारची पाळी २ ते ९ असते आणि रात्रीची ९ ते सकाळी ८. रुग्णालय २४ तास चालते, हे ज्यांना सर्वांत अधिक ठाऊक आहे, त्यांनीच ते पाळणाघर कार्यालयाच्या वेळेप्रमाणे आखले. कर्मचारी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर लिपिक आला असावा.

प्रतिसाद : एका परिचारिकेचा नवरा

मी एसटीत चालक आहे. आठवड्यातून दोन-तीन रात्री मुक्कामाची गाडी असते, म्हणजे रात्री दुसऱ्या गावी झोपायचे आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचे. गेल्या १६ वर्षांत मला एकाही माणसाने विचारले नाही की, मुक्कामाला असता तेव्हा मुले कोणाजवळ असतात. माझ्या पत्नीला हा प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला विचारतात, आणि विचारणाऱ्यांत माझी आई आणि बहिणीही असतात.

मी घरी भाकरी सोडून सर्व स्वयंपाक करतो, मुलांना शाळेत सोडतो. लोक माझे कौतुक करतात. ती १२ तास उभी राहून येते आणि लोक तिला मुले सुकली म्हणतात. मी हे बऱ्याच उशिरा पाहिले आणि पाहिल्यावर बोलायला लागलो. आता कोणी तसे म्हणाले की, तिच्या आधी मीच उत्तर देतो.

प्रतिसाद : एक वाचक

सर्वांविषयी आदर ठेवून लिहितो. मूल लहान असेपर्यंत अतिदक्षता विभाग सोडून बाह्यरुग्ण विभागात बदली घेणे, किंवा शालेय आरोग्यासारखे दिवसाचे काम पाहणे, हा सरळ मार्ग नाही का? कारकीर्द चार-पाच वर्षे मंद झाली, तर फार बिघडत नाही.

प्रतिसाद : धागाकर्ती

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणे उत्तर देते. बाह्यरुग्ण विभागातील जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा गुडघे, पाठ दुखणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकांना दिल्या जातात, जे योग्यच आहे. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळण्याचे कौशल्य चार वर्षे बाजूला ठेवले, तर ते तसेच राहत नाही. ही झाली व्यवहाराची कारणे.

खरे कारण मात्र मी मूळ धाग्यात लिहायला धजले नाही. मला ते काम आवडते. घरातून निघताना जीव तुटतो, रिक्षात बसेपर्यंत मुलाचा रडण्याचा आवाज कानात असतो. पण वॉर्डात शिरून ओव्हर घेतला, मॉनिटरवर नजर टाकली, रुग्णाच्या हाताला हात लावला की माझे मन स्थिर होते. तिथे मला काय करायचे ते नेमके कळते. घरी दोन्ही मुले एकदम रडू लागली की तसे कळत नाही. ड्यूटीवर बरे वाटते, याचेच मला सर्वांत जास्त अपराधी वाटते. मूल सोडून जावे लागते, हे दुःख चारचौघांत सांगता येते. मूल सोडून गेल्यावर मला क्षणभर मोकळे वाटले, हे मी आजपर्यंत नवऱ्यालाही सांगितलेले नाही.

प्रतिसाद : निवृत्त परिसेविका

बाई, हे तुम्ही लिहिलेत, फार बरे केलेत. मलाही तसेच वाटत असे आणि मी ३१ वर्षांत ते कोणापुढे उच्चारले नाही. एखाद्या शल्यविशारदाला शस्त्रक्रियागृहात गेल्यावर बरे वाटते म्हणून त्याचे पितृत्व कमी झाले असे आपण मानत नाही. आपले काम मात्र ‘सेवा’ आहे असे म्हटले गेले आणि सेवेत कष्ट असावेत, आनंद असू नये, असे आपणही कुठेतरी मानून बसलो. १२ मेला परिचारिका दिन होतो, मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो, भाषणांत त्यागाचा गौरव होतो. एकाही भाषणात मी असे ऐकले नाही की, हे काम कसबाचे आहे आणि कसब वापरताना माणसाला समाधान वाटते.

प्रतिसाद : परिचारिकेची मुलगी

मी परिचारिका नाही. माझी आई एका जिल्ह्याच्या ठिकाणी २८ वर्षे परिचारिका होती आणि मी तिचे थोरले अपत्य. इथे सर्वांनी आयांची बाजू लिहिली आहे. मुलांच्या बाजूने कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

आई रात्री नसे, याचे मला दुःख होते का, याचा मी पुष्कळ विचार केला. होत असे, पण ते फार काळ टिकत नसे. आजी असे, शेजारच्या काकू असत. सकाळी ती आली की तिच्या साडीला स्पिरिटचा वास येई आणि तो वास मला अजूनही घरचा वाटतो. मला जे लागले, ते निराळे होते. आई ‘उद्या मी घरी आहे’ म्हणायची आणि मग रात्री निरोप यायचा की अमकी सिस्टर रजेवर आहे, तुम्ही या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी, माझ्या नवव्या वाढदिवसाला, एकदा दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री. ती येणार नाही असे जेव्हा आधी ठाऊक असे, तेव्हा मी मनाची तयारी केलेली असे. येणार म्हणून सांगून ती आली नाही, ते प्रसंग मात्र मला एकेक करून आठवतात. त्यानंतर मी तिच्या कुठल्याच शब्दावर विसंबायचे नाही असे ठरवून टाकले होते, आणि हे तिला कळत होते.

आता मी स्वतः आई आहे आणि मागे वळून पाहते, तेव्हा जाणवते की, तो शब्द तिने मोडलेला नव्हता. तिच्याजवळ देण्यासारखा शब्दच नव्हता, कारण तिचा उद्याचा दिवस तिच्या हाती नव्हता. मूल तासांचा हिशेब ठेवत नाही. आई कधी असेल हे पक्के ठाऊक असले, तर ते फार वाट पाहू शकते. म्हणून आपण व्यवस्थेकडे काही मागणार असाल, तर कमी रात्रींच्या आधी ठरलेल्या रात्री मागा, एवढेच मला सुचवायचे आहे.

प्रतिसाद : दूरदेशी

मी ६ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून आले. इथे एकेक पाळी साडेबारा तासांची असते, माझ्या मुलाजवळ आजी नाही आणि पाळणाघराचे शुल्क पगाराचा मोठा भाग खाते. त्यामुळे इथे सगळे सुखाचे आहे असे समजू नका. पण वरच्या प्रतिसादाला माझा पूर्ण दुजोरा आहे. माझ्या वॉर्डात तक्ता काही आठवडे आधी लागतो आणि त्याआधी आपल्याला हव्या त्या पाळ्या मागता येतात. एप्रिल २०२४पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क मागण्याचा आहे, मिळेलच असा नाही. मला अपराधी वाटणे थांबलेले नाही. फक्त मुलाला मी कॅलेंडरवर बोट ठेवून सांगू शकते की, आई या दिवशी नाही आणि या दिवशी आहे.

प्रतिसाद : धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ‘परिचारिकेची मुलगी’ यांचा प्रतिसाद मी छापून घेतला आणि आमच्या विभागातील सहकाऱ्यांना वाचायला दिला. त्यावर बोलताना लक्षात आले की, आमच्याकडे पुढच्या आठवड्याचा तक्ता शनिवारी संध्याकाळी लागतो आणि त्यानंतरही तो बदलतो. हे असेच असते, असे आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

आम्ही सहा जणींनी अधिसेविका (मेट्रन) कार्यालयाला लेखी विनंती केली आहे. महिन्याचा तक्ता आधीच्या महिन्याच्या २५ तारखेला लावावा, बदल करायचा झाल्यास निदान दोन दिवस आधी कळवावा आणि अचानक गैरहजेरीसाठी प्रत्येक पाळीत एक नाव आधीच राखीव ठेवावे, म्हणजे ज्या दिवशी आपले नाव राखीव असेल, त्या दिवसाचा शब्द आम्ही मुलांना देणार नाही. पाळणाघराच्या वेळेचा मुद्दाही लिहिला आहे. कंत्राटी तत्त्वावरील आमच्या चार सहकाऱ्यांनी सही केली नाही. नूतनीकरण जवळ आले आहे, असे त्या म्हणाल्या. त्यांतील दोघींची मुले माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत, म्हणून विनंतीत त्यांचाही उल्लेख आम्हीच केला. अविवाहित मुलींपैकी तिघींनी सही केली, कारण ठरलेला तक्ता त्यांनाही हवा आहे. परिसेविका मॅडम, तुमच्या त्या दिवाळीची आठवण झाली.

अजून उत्तर आलेले नाही. दरम्यान आमच्या इन-चार्ज सिस्टरनी स्वतःच्या अखत्यारीत आमच्या विभागापुरता दोन आठवड्यांचा तक्ता लावून पाहिला आहे. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि मुलीने रात्रपाळीचे चौकोन निळ्या खडूने रंगवले. पाच चौकोन निळे होते. परवा एक वाढला. निरोप मला दुपारी आला, म्हणून ती शाळेतून आल्यावर मी तिला आधी खडू दिला आणि मग सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिने तो चौकोन भरला आणि विचारले की, त्याच्या पुढचा पांढरा आहे तो नक्की पांढराच आहे ना. मी इन-चार्ज सिस्टरना फोन करून विचारले आणि मगच तिला हो म्हटले.